गप्प बसण्याचं औषध

४ मार्च

चि. भिंगरी,

आशीर्वाद आधी देऊन टाकतो. एकदा माझं रडगाणं सुरू झालं की ते राहून जातात.

तुझ्या वडिलांनी तुला फोन केलाच असेल. माझा भाऊ असला तरी त्याला कुठलीही गोष्ट अर्धीच सांगायची खोड, म्हणून पूर्ण मी सांगतो. गेल्या महिन्यात दुकानात एका गिऱ्हाइकाचा कोट आला होता. कोपरावर भोक, रफू करायचं होतं. शिवणीच्या आतल्या बाजूने त्याच कापडाचे धागे काढून ठेवले, भिंगाचा चष्मा लावला आणि शेजारच्या किल्लीवाल्याला म्हणालो, "अरे, माझी ती दे. ती रे..." पुढे काही येईना. सुई! सगळा जन्म जी बोटांत धरून पोट भरलं तिचंच नाव आठवेना. शेवटी म्हणालो, "ती टोचरी." तो हसला, मीही हसलो. मग माझा उजवा हात आपोआप उडायला लागला. त्यापुढचं, फिट येऊन पडलो ते, मला किल्लीवाल्यानेच सांगितलं.

डोक्याचे फोटो झाले. डाव्या बाजूला, कानाच्या जरा वर, मेंदूत गाठ आहे. सर्जन सज्जन दिसतो. मी त्याला मनात मोठा शिंपी म्हणतो. तो म्हणाला की हळू वाढणारी जात वाटते, पण नक्की काय ते तुकडा तपासल्यावर कळेल. गाठ शब्दांच्या जागेला चिकटून बसली आहे, म्हणून ऑपरेशन करताना मला जागं ठेवणार. जागं! मी विचारलं, "झोपेचं औषध संपलंय का?" तो म्हणाला, "नाही हो, तुम्ही आमच्याशी बोलत राहायचं." तर तुझी काकू त्याला काय म्हणाली असेल? म्हणाली, "डॉक्टर, हे बोलत राहतीलच. थांबवायचं कसं ते आधी ठरवून ठेवा."

ती हसते, पण स्वयंपाकघरात जाऊन रडते. मला ऐकू येतं.

तू याच विषयात काम करतेस. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, मला समजेल असं सांग. ही गाठ बाहेरून आली का? लोकरीला कसर लागते तशी? माझ्या फार काळजी करण्याने झाली का? पाच वर्षांपूर्वी माळ्यावरून पेटी डोक्यात पडली होती, त्याने? मरणाची भीती आहेच, पण तिच्याशी माझी जुनी ओळख आहे. शब्द गेले तर काय करू? मुका म्हातारा घेऊन काकू काय करेल?

फोन करू नकोस. फोनवर शब्द अडला की समोरच्याचा श्वास ऐकू येतो आणि मी आणखी अडतो. कागद कितीही वेळ थांबतो.

तुझा,
काका

९ मार्च

प्रिय काका,

नमस्कार. पहिलं उत्तर पहिल्या ओळीत: काळजीने झालेली नाही, पेटीनेही नाही. काळजीने गाठी झाल्या असत्या तर तुम्हाला शाळेतच झाली असती.

कसरही नाही. ती बाहेरून येते, ही तुमच्याच कापडातली आहे. मेंदूत दोन घराणी राहतात असं समजा. एक बोलणाऱ्या पेशींचं, त्यांना चेतापेशी म्हणतात. दुसरं त्यांची उठबस करणाऱ्यांचं. या दुसऱ्या पेशी बोलणाऱ्यांना खाऊ घालतात, त्यांच्या तारांवर वेष्टण चढवतात, कचरा उचलतात. तुमची गाठ बहुधा या कष्टाळू घराण्यातली. एखाद्या पेशीच्या आत लिहिलेल्या सूचनांमध्ये एखादंच अक्षर बदलतं आणि ती मोठी व्हायचंच विसरते. नुसती दोनाची चार होत राहते. असं का होतं याचं कारण बहुतेक वेळा कुणालाच सापडत नाही, काका. त्यात तुमची चूक शोधू नका.

आणि गाठ म्हटलं की गोटी डोळ्यांसमोर येते, तशी ती नसते. तिच्या पेशी आजूबाजूच्या चांगल्या भागात धाग्यांसारख्या शिरलेल्या असतात. सगळ्या उसवायला गेलं तर चांगलं कापडही हाताशी येतं. म्हणून तुम्हाला जागं ठेवायचं. कुठला धागा शब्दाचा आहे हे तुमच्या बोलण्यावरूनच सर्जनला कळतं. मेंदूला स्वतःला दुखत नाही, वरची कातडी बधिर करतात.

आता माझ्या कामाचं सांगते, कारण सांगितल्याशिवाय राहवत नाही. रुग्णांनी परवानगीने दिलेले गाठींचे बारीक तुकडे आम्ही एका उबदार पेटीत जगवतो. गेल्या काही वर्षांत एक विलक्षण गोष्ट कळली आहे. गाठीच्या पेशी चेतापेशींशी जोड जुळवतात! चेतापेशी एकमेकींशी विजेच्या बारीक ठिणग्यांनी बोलतात, तर या चोंबड्या बाया ते बोलणं कान लावून ऐकतात आणि त्यावर पोसल्या जातात. मेंदूतलं बोलणं जितकं जास्त, तितकं त्यांचं फावतं. मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलंय. शेजारच्या चेतापेशीला चिमटा काढला की गाठीची पेशी चमकते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. साहेबांनी विचारलं, पगार वाढला का?

तुमच्याकडेही तुकडा ठेवायची परवानगी मागतील. मनाला येईल तेच करा. काकूला मिठी.

तुमची,
भिंगरी

२ एप्रिल

चि. भिंगरी,

आहे. आधी हा एक शब्द घे. मी आहे, आणि हे माझ्याच हाताने लिहितोय. अडलेल्या शब्दांपाशी काकूला चित्र काढून विचारतो. माझी चित्रं बघून ती म्हणते, बरं झालं, चित्रकार झाला नाहीत.

ऑपरेशनचं सांगतो. डोकं घट्ट बांधलेलं, चेहऱ्यासमोर कापडाचा तंबू, आणि त्या तंबूत माझ्यासोबत एक बाई बसलेल्या. रुग्णांना बोलायला शिकवणं हे त्यांचं काम. मी त्यांचं नाव बोलक्या बाई ठेवलंय. त्या एकेक चित्र दाखवायच्या. छत्री. बदक. शिडी. मी म्हणत होतो. मधेच मागून मोठ्या शिंप्याने कुठेतरी विजेची तार टेकवली आणि समोर खुर्चीचं चित्र असताना माझ्या तोंडून काहीच निघेना. चार पाय दिसत होते, बसायची आहे हे कळत होतं, पण नाव गायब. बाई शांतपणे म्हणाल्या, "इथे थांबले." मागून उत्तर आलं, "खूण केली. इथे हात लावायचा नाही." तार उचलली आणि "खुर्ची!" असं मी एवढ्या जोरात ओरडलो की सगळे हसले.

भिंगरी, माझं डोकं उघडं होतं आणि त्या खोलीत माणसं हसत होती. असं किती जणांच्या वाट्याला येतं? माझ्या एका खुर्चीसाठी त्या माणसाने हात आवरता घेतला. तेवढा गाठीचा भाग आत राहिला आहे. तो म्हणाला, "सगळं काढलं असतं तर घरी जाऊन बायकोला हाक मारता आली नसती." मी त्याचे पाय धरणार होतो, पण वाकायची मनाई आहे.

जात हळू वाढणारीच निघाली. पुढे लागली तर एक नवी गोळी आहे म्हणे, त्या बदललेल्या अक्षराचं बिघडलेलं काम रोखणारी. सध्या नुसतं लक्ष ठेवायचं. तुकडा ठेवायची परवानगी दिली. माझ्याआधी लोकांनी दिले नसते तर मोठ्या शिंप्याला कुठून कळलं असतं?

आत राहिलेल्या भागाचा मात्र बंदोबस्त मी स्वतः करणार आहे. त्यासाठी तुझाच उपाय हाती लागलाय. तू लिहिलंस नसतं तर मला कळलंच नसतं. तुझे उपकार मी विसरणार नाही.

तुझा,
काका

२० एप्रिल

चि. भिंगरी,

ठीक आहे. शांत आहे. उपाय चालू आहे. फार लिहीत नाही, लिहितानाही विचार करावा लागतो.

काका

२२ एप्रिल

चि. भिंगरी,

ही काकू लिहिते आहे. हे आत भिंतीकडे बघत बसलेत, त्यामुळे मला निवांत वेळ आहे.

तू यांना काय लिहिलंस गं बाई? गेले तीन आठवडे या माणसाने तोंड उघडलेलं नाही. मला आधी वाटलं, ऑपरेशनने वाचा गेली. जिवाचं पाणी झालं माझ्या. बोलक्या बाईंना घरी बोलावलं. त्यांनी छत्रीचं चित्र पुढे धरलं, तर यांनी डोळे मिटून घेतले! रेडिओ बंद करायला लावला. किल्लीवाला भेटायला आला, त्याला हातानेच जा म्हणाले. तो बिचारा दारातच माझ्यापाशी रडला. दुकान बंद आहे ते आहेच.

काल मी ताट आपटलं आणि म्हटलं, आज कारण कळलं नाही तर मी माहेरी जाते. माहेरी आता कुणी उरलेलं नाही हे यांना माहीत आहे, तरी घाबरले. पाटीवर लिहून दाखवलं: "मेंदू बोलला की ती खाते. उपाशी मारतोय."

म्हणजे उरलेली गाठ उपाशी मरावी म्हणून हा माणूस बोलत नाही, वाचत नाही, विचार करायचा नाही म्हणून भिंतीचा रंग बघतो. आणि विचार थांबतात का? रात्रभर कूस बदलतात. विचार येतोय याचीच काळजी.

लग्न झाल्यापासून मी देवाकडे एकच मागत होते, यांना तासभर गप्प कर. आता ऐकलंन तर मला घर खायला उठतंय. खरं सांगू? मला त्यांचं "दाराला कडी लावलीस का, गॅस बंद केलास का, दूध फाटलं तर नाही ना" हे ऐकायचंय.

बोलक्या बाई म्हणाल्या, ऑपरेशननंतरचे हे पहिले महिने मोलाचे. आता बोलणं वळवलं तर शब्द परत येतील, नाहीतर रस्ता बुजत जाईल. त्यांचं, माझं, सर्जनचं हे ऐकत नाहीत. "भिंगरीने सूक्ष्मदर्शकात पाहिलंय," असं लिहून दाखवतात. तू बांधलेली गाठ तूच सोडव.

तुझी,
काकू

२७ एप्रिल

प्रिय काका,

हे पत्र काकूला मोठ्याने वाचायला सांगा. तुम्ही ऐका. ऐकायला विचार करावा लागतो हे मला माहीत आहे. करा.

मी जे लिहिलं ते खरं होतं, पण जे लिहायला हवं होतं ते टाळ्या वाजवण्याच्या नादात राहिलं. आम्ही जे पाहिलं ते काचेच्या बशीत आणि उंदरांत. तेही बहुतेक वेळा फार वेगाने वाढणाऱ्या जातीत, तुमच्या नव्हे. माणसाने बोलणं कमी केलं म्हणून गाठ कमी झाली, असं जगात कुणी दाखवलेलं नाही. आमच्या साहेबांना विचारलं. ते आधी हसले, मग तुम्ही किती दिवस गप्प आहात ते विचारलं आणि हसायचे थांबले. म्हणाले, त्यांना आजच लिही.

मेंदू गप्प बसत नाही, काका. तुम्ही झोपलात तरी ती मंडळी बोलत असतात. श्वास कोण चालवतं? भिंतीचा रंग कोण बघतं? तोंडाला कुलूप लावलं म्हणून आतली बैठक उठत नाही. उलट बोलायचं नाही, बोलायचं नाही, असा आत धोशा लावलात तर तिथे जत्राच भरेल.

मग या शोधाचा उपयोग काय, असं विचाराल. ती जोड जिथे जुळते नेमकं तिथेच बोट घालता येईल का, हे आता तपासतायत. फिट थांबवणारी काही जुनी औषधं गाठीचं हे कान लावणं कमी करतात का, याच्या चाचण्या रुग्णांवर काही ठिकाणी चालू आहेत. उत्तर अजून आलेलं नाही. येईल तेव्हा ते औषध डॉक्टर देतील. ते घरी गप्प बसून तयार होत नाही.

तुमच्या गप्प बसण्याने गाठ उपाशी राहत नाही. उपाशी राहतायत तुमचे शब्द. सर्जनने जो भाग मुद्दाम सोडला तो तुम्ही बोलावं म्हणून सोडला. त्याने राखलेली खुर्ची तुम्ही रिकामी ठेवली आहे.

माझ्यावर तुमचा एवढा विश्वास की बायकोचं आणि डॉक्टरांचं ऐकलं नाहीत, हे वाचून मला आनंद व्हावा की लाज वाटावी कळेना. दोन्ही झालं. आता त्याच विश्वासाने हे ऐका. पत्र संपलं की काकूला हाक मारा. चुकली तर चुकली.

तुमची,
भिंगरी

१८ जून

चि. भिंगरी,

तुझं पत्र काकूने वाचलं. पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही, म्हणून दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग मी तिला हाक मारायला गेलो आणि काय सांगू, तिचं नाव येईना! मनात आलं, आता मेलो, रस्ता बुजला. ती समोर बसलेली, डोळे माझ्या तोंडावर. मी म्हणालो, "अगं... ए..." ती म्हणाली, "पुरे झालं. एवढ्यावरच मी संसार केलाय." मग हसली, मग रडली. या वेळी स्वयंपाकघरात नाही गेली.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच्या पायाने बोलक्या बाईंकडे गेलो. दारातच त्यांना म्हणालो, "चुकलो." त्या म्हणाल्या, "हा शब्द आला? बऱ्याच पुरुषांचा हाच आधी जातो." शिकवताना त्या फार कडक आहेत. चित्र दाखवतात, मी अडलो तर सांगत नाहीत, नुसत्या थांबतात. मी म्हणतो, "सांगा की हो." त्या म्हणतात, "सांगितलं तर तो माझा शब्द होईल." सुई तिसऱ्या आठवड्यात आली. सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात ते अंगुस्तान अजून येत नाही. हे लिहिताना काकूने सांगितलं, ते तिच्या खात्यावर धर.

दुकान अर्धा दिवस उघडतो. मी बोलताना एक शब्द चुकवला की किल्लीवाला भाजलेले दाणे मागतो. हे त्याने स्वतःच ठरवलं. महिन्यात वजन वाढलंय त्याचं.

गेल्या आठवड्यात पुन्हा फोटो झाले. राहिलेला भाग होता तेवढाच आहे. दीड महिना झाला, मी एवढं बोललो, भांडलो, काळजी केली, तरी तेवढाच. मोठा शिंपी म्हणाला, पुढच्या फोटोपर्यंत मजा करा. मी विचारलं, "आणि पुढच्या फोटोत वाढला असला तर?" त्याने हातातला पेन खाली ठेवला, म्हणाला, "तर आपण दोघं बसून बोलू." मला त्याचं हे 'दोघं' फार आवडलं. घरी येईपर्यंत मी ते घोळवत होतो. तुला, बाईंना, काकूला, त्या उंदरांनासुद्धा मी किती धन्यवाद देऊ? ज्यांनी आपले तुकडे दिले आणि स्वतः राहिले नाहीत, ती माणसं मला ठाऊकही नाहीत. झोपताना मी त्यांना नमस्कार करतो. नावं नाहीत म्हणून नुसताच.

आता आजचं सांगतो, त्यासाठीच पत्र लिहायला घेतलं. बोलक्या बाईंनी मला विचारलं होतं, एक बाई आहेत, तुमच्यासारखंच जागेपणी ऑपरेशन व्हायचंय, फार घाबरल्यात, भेटाल का? मी म्हटलं, घाबरलेल्याने घाबरलेल्याला काय सांगायचं? त्या म्हणाल्या, तेच सांगा.

त्या बाई बस चालवतात. पन्नाशीच्या आत, दणकट. पण हातात रुमाल घेऊन त्याचा पार चोळामोळा केला होता. नवरा शेजारी बसलेला. त्यांनी मला एकच विचारलं, "सगळी निघाली का हो तुमची?"

खोटं बोलावंसं वाटलं. मग म्हणालो, "नाही. थोडी आहे."

"मग तुम्हाला आता कसं वाटतं?"

मी सांगायला गेलो आणि शब्द अडला. नेमका तोच. मी छातीवर हात ठेवला, बोटं थरथरवून दाखवली, तरी येईना. बोलक्या बाई कोपऱ्यात होत्या, पण सवयीप्रमाणे थांबल्या. बसवाल्या बाईंना राहवलं नाही. म्हणाल्या, "भीती?"

"हां! भीती!" मी म्हणालो. "रोज वाटते. सकाळी चहाच्या आधी आणि दिवे घालवल्यावर. आणि ती मला बायकोला सांगता येते, एवढं डॉक्टरांनी वाचवलंय."

त्यांनी रुमाल मांडीवर पसरला आणि हाताने सरळ करत राहिल्या. मग म्हणाल्या, "उद्या सकाळी आहे माझं. हे बाहेर एकटेच बसणार."

मी त्यांच्या नवऱ्याकडे बघून म्हणालो, "एकटे कशाला? मी येतो."

घरी येऊन काकूला सांगितलं. ती म्हणाली, "चार-पाच तास त्या अनोळखी माणसाशी बोलणार काय तुम्ही?"

मी म्हटलं, "काळजी कशी करायची ते. त्या विषयात मला एकही शब्द अडत नाही."

तिने उठून उद्यासाठी दोघांचा डबा काढून ठेवला.

तुझा,
काका